तसबिरीतला पत्ता

आमच्या शेजारी राहणाऱ्या सोपान कंडक्टरांच्या भिंतीवर ओळीनं तसबिरी लावलेल्या होत्या, पण त्यांत फोटो नव्हते.

काच होती, लाकडी चौकट होती, मागं पुठ्ठा होता. एका तसबिरीला तर सुकलेला झेंडूचा हारही होता. आणि आत, जिथं माणसाचं तोंड दिसायला हवं, तिथं पांढऱ्या कागदावर निळ्या शाईनं लिहिलेलं होतं : ‘आमचं लग्न. देवगाव फाटा, चहाच्या हॉटेलामागचं घर, बाहेरची खोली, दारावर.’ तिच्या शेजारी : ‘सासरे. चारठाणा, जुन्या देवळाच्या अंगाचं घर, ओसरी, उजवी भिंत, कणगीच्या वर.’ हार होता तो या सासऱ्यांच्या पत्त्याला.

मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले ती विरजण मागायला. परभणीत स्टेशनच्या पलीकडं आम्ही नुकतंच बिऱ्हाड केलं होतं. खोल्यांची एक ओळ, मधल्या भिंती सामायिक, नळ सगळ्यांत एक. मी प्राथमिक शाळेत मास्तरीण. खडू जागेवर नसला तरी माझं डोकं उठतं. हातात वाटी धरून मी ती भिंत डावीकडून वाचली, मग उजवीकडून वाचली, आणि विरजण न घेताच घरी परत आले. आमच्या ह्यांना सांगितलं, तर हे म्हणाले, “सोपान आमच्याच गावचा आहे. पहिल्यापासून जरा तसाच.” तसाच म्हणजे कसा, ते ह्यांनाही सांगता येईना.

दुसऱ्या दिवशी मी सरळ विचारलं.

“भाऊ, त्या तसबिरीतले फोटो कुठायत?”

“हितं न्हाईत, बाई. पण हायेत.”

“मग तसबीर कशाला लावलीत?”

“फोटो कुठं हाय ते कळाया.”

“आणि बघायचा असला तर?”

“जायचं की. गाड्या हायेत.”

त्यांची बायको कौसावहिनी आत भाकरी थापत होती. ती तिथूनच म्हणाली, “मला तर लाज वाटती बाई. लोकाच्या घरी पाव्हणे भिंत बघतेत. आमच्या घरी चष्मा लावून वाचतेत.”

मधोमध दोन मोठ्या तसबिरी मात्र खऱ्या होत्या, कुठल्याही बौद्ध घरात असतात त्या. मी म्हटलं, “ह्यांचा नाही का पत्ता लिहिला?” सोपानराव म्हणाले, “त्यांचा काय पत्ता लिहिणार? ते सगळीकडंच हायेत.” हे उत्तर मला समजलं. त्या घरात समजलेलं ते माझं पहिलं आणि बराच काळ शेवटचं उत्तर.

सोपानराव दिसायला कंडक्टरसारखेच होते. म्हणजे उभे राहताना पाय फाकवून उभे राहायचे, जमीन कधीही हलेल अशा बेतानं. बोलताना मध्येच थांबायचे आणि समोरचा उतरतो की काय ते बघायचे. त्यांची ड्यूटी नेहमी मुक्कामी गाडीवर. संध्याकाळी परभणीहून निघायचं, शेवटच्या गावाला रात्र काढायची आणि पहाटे तीच गाडी घेऊन परत यायचं. बाकीचे कंडक्टर या ड्यूटीला नाकं मुरडत. सोपानराव ती मागून घेत. ड्रायव्हर गाडीतच ताणून देई, आणि हे मात्र गावातल्या कुणाच्या तरी ओसरीवर पाणी मागत, बसत, आणि भिंत बघत.

बघण्याचीही त्यांची एक तऱ्हा होती. लग्नाचा फोटो दिसला की आपण आधी नवरा-नवरी बघतो. सोपानराव कडा बघत. मांडवाच्या खांबापाशी कोण उभं आहे, मागून कुणाचा हात आला आहे, कुणाचं अर्धंच तोंड आलं आहे. मग घरच्यांना विचारत, “हे कोण हो?” घरच्यांनाही ठाऊक नसे. कोपऱ्यातल्या माणसांची कुणाला माहिती असते? पण या चौकश्यांतून झालं असं, की जिंतूर आणि सेलू या दोन तालुक्यांत कुणाच्या भिंतीवर कुठला फोटो आहे, हे सोपानरावांच्या डोक्यात बसून गेलं.

लोकांना ते कळलं. त्या काळात घरोघरी कॅमेरा नव्हता. माणूस गेला की भिंतीवर लावायला त्याचा फोटो हवा, आणि बहुतेकांचा आयुष्यात एकच फोटो निघालेला असायचा, तोही दुसऱ्याच्या लग्नात. मग लोक सोपानरावांकडे येत. “आमच्या आबाचा फोटो कुठं असंल का हो?” सोपानराव डोळे मिटत आणि सांगत. “हाय. बोरीला, किराणा दुकानाच्या वरच्या खोलीत. मागच्या रांगंत, फेट्याचा शेमला डाव्या खांद्यावर.” आणि शेवटी प्रत्येकाला बजावत, “बघून या. घेऊन येऊ नका. फोटो जागेवर बरा.”

हे शेवटचं मला कधी पटलं नाही. मी एकदा म्हटलं, “भाऊ, तुमच्या स्वतःच्या लग्नाचा फोटो तुमच्या घरात नको का? देवगाव फाट्याला तुमच्या मेहुण्याच्या घरी आहे ना, तिथून एक प्रत करून आणा की.”

“आपली भिंत आपली नसती, बाई.”

मला वाटलं, भाड्याच्या घराबद्दल बोलायलेत. मी म्हटलं, घरमालक खिळ्याला काही म्हणत नाही, आम्ही मारलेत. ते नुसते हसले.

एकदा माझ्या शाळेतल्या कुलकर्णीबाईंना त्यांच्या वडिलांचा फोटो हवा होता. वडील एके काळी देवगाव फाट्याजवळ मास्तर होते. सोपानरावांनी ठिकाण सांगितलं आणि रविवारी आम्ही दोघी निघालो. फाट्यावर उतरलो, घर सापडलं, ओसरी सापडली, खिळासुद्धा सापडला. खिळ्यावर चिठ्ठी लटकत होती, सोपानरावांच्याच अक्षरात : ‘हा फोटो चारठाण्याला थोरल्या लेकीकडं गेला. माजघर, देव्हाऱ्याच्या डावीकडं.’ आम्ही उन्हातान्हात चारठाण्याला गेलो. थोरली लेक म्हणाली, “अहो, तो भिताडाला ओल येऊन गेला की. सोपान कंडक्टर येऊन बघून गेले. म्हणले, दुसरा एक परभणीत वकिलाकडं हाय.” वकिलांचं घर आमच्या पुढच्याच गल्लीत. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. कुलकर्णीबाई वर्षभर माझ्याशी नीट बोलत नव्हत्या. सोपानरावांना विचारलं, हे आधी का नाही सांगितलं? तर शांतपणे म्हणाले, “तुमी फाट्याचा इचारला. मी फाट्याचा सांगितला. पुढचं तिथं लिवून ठिवलं व्हतं की.”

आता त्या भिंतीवरच्या शेवटच्या तसबिरीबद्दल. ती अगदी कोरी होती. काच, चौकट, पांढरा कागद आणि त्यावर काही नाही. कौसावहिनी रोज इतर तसबिरी पुसायची नाही, पण ही पुसायची.

“ही कुणाची?” मी एकदा विचारलं.

“मायची,” सोपानराव म्हणाले. “ठिकाण लागलं न्हाई आजून.”

“एकही फोटो नाही आईंचा?”

“व्हता एक. जत्रंत काढलेला. घरासंगं गेला, अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात.”

मराठवाड्यात पावसाळ्यात मातीची घरं बसतात, त्यात नवल काय? मी आपली हळहळले आणि विसरले. त्यांची आई ते दहा-अकरा वर्षांचे असताना गेली होती. ती सुगीला, लग्नाकार्याला गावोगाव कामाला जायची. कुठल्या तरी मांडवात, कुठल्या तरी फोटोत ती कडेला उभी राहिली असेल, एवढ्या आशेवर हा माणूस मुक्कामी गाड्या मागून घेत होता. बाकीच्या सगळ्या फोटोंची माहिती त्यांना वाटेत मिळालेली. हवा होता तो एकच.

मग आमच्यावर प्रसंग आला. सासरे वारले. त्यांचाही फोटो नव्हता. सासूबाई आमच्याजवळ राहायला आल्या आणि त्यांनी एकच धोशा लावला, “वर्षसराद्धाच्या आत भिंतीवर मालकाचा फोटो पाहिजे. मी हात कुणाला जोडू?” हे सोपानरावांकडे गेले. मीही मागोमाग गेले.

सोपानरावांनी डोळे मिटले नाहीत. पटकन सांगितलं, “तुमच्या गावातच हाय. तुमच्या चुलत भावाच्या घरी, माजघरात. धाकल्या काकाच्या लग्नाचा मोठा फोटो. बसलेल्या रांगंत, डाव्या हातानं तिसरे.” मग जरा थांबून म्हणाले, “घेऊन या.”

मी चमकले. “बघून या म्हणताय ना?”

“न्हाई. घेऊन या. नीट फडक्यात गुंडाळून.”

जन्मात पहिल्यांदा या माणसाच्या तोंडून ‘घेऊन या’ ऐकलं. पण ह्यांनी ते मनावर घेतलं नाही. चुलत दीर म्हणाले, फोटो घराबाहेर जाणार नाही, वाडवडलांचा एकच आहे. मग ह्यांनी परभणीचा स्टुडिओवाला पेंटर गावाला नेला. त्यानं भिंतीवरच्या फोटोचाच फोटो काढला, डावीकडून तिसरं तोंड उचललं, मोठं केलं, आणि वर रंगकाम केलं. त्याच्याकडे एक काळा कोट होता. म्हणजे रंगात. परभणीतल्या निम्म्या मयत माणसांना त्यानं तोच कोट घातला होता. आमच्या सासऱ्यांनी आयुष्यभर बंडी घातली, भिंतीवर मात्र ते बॅरिस्टर होऊन आले.

सोपानराव ड्यूटीवरून तसेच आमच्याकडे आले. “आणला का फोटो?”

“आणला की, हा बघा,” म्हणून मी कोटवाला फोटो दाखवला.

“ह्यो न्हाई. मोठा.”

“मोठा दिला नाही त्यांनी. तिथंच कॉपी काढून आणली.”

त्यांचं तोंड एवढंसं झालं. चहासुद्धा न घेता गेले. फोटो आमच्या सासऱ्यांचा, आणि सुतक धरल्यासारखा हा माणूस. मला त्यातलं काही कळेना.

सासूबाई रोज त्या फोटोला हार घालू लागल्या. पहिल्या दिवशी म्हणाल्या, “नाक वायलं दिसायलंय.” पेंटर म्हणाला होता, एन्लार्ज केलं की नाक मोठं होतं. सासूबाईंनी ते मान्य केलं. त्या बिचाऱ्या फोटोशी बोलायच्या, भांडायच्यासुद्धा. “जाताना मला इचारलं का तुमी?” असं ऐकू यायचं.

वर्षश्राद्धाला पाहुणे आले. त्यात सेलूचे मामा, म्हणजे ह्यांच्या आत्याचे यजमान, पंक्तीत नेमके त्या फोटोसमोर बसले. भात वाढला, वरण वाढलं. मामांनी एक घास घेतला, वर बघितलं, घास गिळला, पुन्हा वर बघितलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाले,

“वहिनी, मी आजून हाय.”

पंगत थांबली. मामांनी टोपी काढली, कोटवाल्या फोटोच्या खाली जाऊन उभे राहिले. तेच नाक, तीच हनुवटी. फक्त कोट पेंटरचा. सासूबाईंनी डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि स्वयंपाकघरात निघून गेल्या. नणंदेच्या नवऱ्याला महिनोन् महिने हात जोडले होते, त्याच्याशी भांडल्या होत्या. मामा मात्र मजेत होते. म्हणाले, “हार तेवढा ताजा घालीत जावा.” आणि भात मागून घेतला.

हसून हसून आमची पुरेवाट झाली, पण सासूबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. त्यांच्या दृष्टीनं मालक पुन्हा एकदा गेले होते. मी रागानं सोपानरावांच्या दारात जाऊन उभी राहिले.

“भाऊ, डावीकडून तिसरे म्हणालात.”

“व्हय. बसलेल्याच्या डाव्या हातानं.”

“बघणाऱ्याच्या नाही?”

“गाडीत डावी बाजू म्हंजे बसल्याची डावी असती, बाई. कंडक्टर कुठंबी तोंड करतोय.”

एवढं बोलून ते पुढं म्हणाले, “आता तरी मोठा फोटो घेऊन या.” आवाजात विनवणी होती. मला वाटलं, चूक झाली म्हणून ओशाळलेत.

त्या रविवारी मी स्वतः गावाला गेले. ह्यांना पाठवण्यात अर्थ नव्हता, हे जातात आणि ऐकून येतात. गावाचं नाव सांगत नाही. गावाला वाईट वाटेल आणि मलाही. जावेनं चहा दिला, मी माजघरात जाऊन फोटोसमोर उभी राहिले. बसलेल्यांच्या डाव्या हातानं मोजलं, तिसरे कुणी भलतेच. बघणाऱ्याच्या डावीकडून मोजलं, सेलूचे मामा. सासरे मला सापडले ते बसलेल्यांच्या डाव्या हातानं चौथे. कुठल्याच हिशेबानं पत्ता बरोबर नव्हता.

सोपानरावांचा पत्ता चुकला? चारठाण्याच्या कणगीवरचा खिळा ज्याला ठाऊक, त्याचा स्वतःच्या गावातला पत्ता चुकावा? मी जावेला म्हटलं, “सोपान कंडक्टर तर तिसरे म्हणाले.”

जाऊ हसली. “त्यो काय सांगतोय. त्यो कवा आत आलाय? ओसरीवरून बघितलं आसंल. तिथून दाराच्या चौकटीआड कडंचा माणूस झाकतोय.”

ती सहज बोलली. तिच्या मनात काही नव्हतं. मी ओसरीवर जाऊन उभी राहिले आणि तिथून फोटो बघितला. खरंच कडेचा माणूस दिसत नव्हता. तिथून मोजलं की सासरे बरोबर तिसरे येत होते. जिल्ह्यातल्या कुठल्या कुठल्या माजघरांत हा माणूस जाऊन आला होता, आणि आपल्या गावातला फोटो त्यानं उंबऱ्याबाहेरून मान वाकडी करून बघितला होता. तो चहा मला गोड लागेना.

मी जावेला फोटो मागितला. दिरांनी नाही म्हटलं, मी ओसरीवर बसून राहिले. नवीन, याच्यापेक्षा मोठी प्रत करून देईन म्हटलं. शेवटी जाऊ म्हणाली, “द्या हो, ही मास्तरीण उठायची न्हाई.” मी लुगड्याच्या धडप्यात फोटो गुंडाळून मांडीवर घेऊन परभणीला आले.

दिवेलागणीची वेळ. सोपानराव आमच्या दारात उभेच होते, त्या दिवशी त्यांनी सुट्टी काढली होती. मी धडपा सोडला. ते आधी नळावर जाऊन हात धुऊन आले, खिशातून पक्कड काढली आणि म्हणाले, “बाई, उघडू का?”

“मी त्यासाठीच आणलाय,” मी म्हटलं, तरी कशासाठी ते मला अजून नीट ठाऊक नव्हतं.

मागचे बारके खिळे त्यांनी एक एक करून उपटले. फोटोवर चारी बाजूंनी जाड पुठ्ठ्याची दोन बोटं रुंद कड होती, शोभेसाठी लावलेली. ती त्यांनी नखानं अलगद उचलली. खाली फोटोची कड निघाली. इतकी वर्षं उजेड न लागल्यामुळं ती बाकीच्या फोटोपेक्षा काळीभोर आणि स्वच्छ होती. त्या कडेत मांडवाचा एक खांब होता आणि खांबाला धरून एक बाई उभी होती. लुगड्याचा पदर दातात धरलेला. हसू दाबल्यासारखी.

सोपानरावांनी फोटो उजेडाकडं धरला. मग म्हणाले, “जरा चष्मा द्या कुणाचा तरी.”

सासूबाईंनी आपला दिला. त्या चष्म्यातून त्यांना काय दिसलं असेल कोण जाणे, डोळे भरलेले होते. सासूबाई खाली वाकून बघू लागल्या. “ही गिरजा की रे,” त्या म्हणाल्या. “तुजी माय. मांडव सारवायला आल्ती. फोटोवाला आला तवा मी म्हणलं, ये गं तूबी, तर खांबापसून हालायला तयार न्हाई. सारखा पदर दातात. लय रागवायची मी तिला.”

“आमच्या वस्तीतले म्हातारे म्हणायचे,” सोपानराव म्हणाले, “तुमच्या घरच्या लग्नात माय कडंला उभी व्हती म्हून. मी लय बघितला फोटो. कडंला कुणीच न्हाई दिसायचं. मला वाटलं, म्हाताऱ्यांना इसर पडला आसंल. पर मन मानंना. म्हणलं, त्या पुठ्ठ्याच्या कडंखाली आसंल.”

मी विचारलं, कारण मला विचारल्याशिवाय राहवत नाही, “भाऊ, ते पावसात घर पडलं म्हणालात...”

“पडलं न्हाई, बाई. जाळलं. इद्यापीठाच्या नामांतराच्या वर्षी. आमी अंगावरच्या कापडानं निघालो. पेटीत व्हता मायचा फोटो.” पक्कड खिशात ठेवत त्यांनी पुढं सांगितलं, “ज्या ज्या फोटोची प्रत लोकाच्या घरी व्हती, ती ऱ्हायली. त्यांच्या भिंतीला काय झालं न्हाई. म्हून म्हणतो, फोटो जागेवर बरा.”

ह्यांनी मान खाली घातली. हे त्या वेळी परभणीत शिकत होते, गावात नव्हते. पण मान खाली घालायला गावात असावंच लागतं असं नाही. मी त्यांच्या भिंतीवरची अक्षरं आठवत बसले. ज्या भिंतीला मी वेडेपणा समजत होते, ती भिंत म्हणजे ‘आपली भिंत आपली नसती’ या वाक्याचा अर्थ होता. तो मला कळायला इतकी वर्षं लागली.

सावरून मी म्हटलं, “उद्याच पेंटरकडं जाऊ. तुमच्या आईंचा मोठा करून घेऊ.”

“नगं,” ते घाईनं म्हणाले. “त्यो तिला कोट घालील.”

मग आम्ही सगळे हसलो, सासूबाईसुद्धा. खरंतर कोट नाही, पण जरीचं लुगडं नक्कीच नेसवलं असतं त्यानं, आणि दातातला पदर काढून टाकला असता.

जावेला मी मोठी प्रत दिली, सासऱ्यांना पेंटरनं पुन्हा तोच कोट घातला, आणि मूळ फोटो आमच्याच बाहेरच्या खोलीत लागला. पुठ्ठ्याची कड न लावता. सोपानरावांना मी दहादा म्हटलं, तुम्ही घेऊन जा. ते नको म्हणाले. तुमच्या भिंतीला बरा हाय, म्हणाले. आपल्या घरी जाऊन त्यांनी कोरी तसबीर उतरवली आणि तिच्यात लिहिलं : ‘माय. शेजारी बाईंचं घर, बाहेरची खोली. दार उघडं असतं.’ फोटो आणि ती तसबीर, मध्ये एकच सामायिक भिंत होती. खिळा ठोकायचा तर तो पलीकडं निघाला असता, एवढी पातळ. तरीही.

मुक्कामी गाड्या त्यांनी सोडल्या. दिवसाची ड्यूटी घेतली. सकाळी जाताना आमच्याकडे यायचे, काहीतरी निमित्त काढून. घड्याळ बघायला, काडेपेटी मागायला. घड्याळ त्यांच्या मनगटावर असायचं. मी पाठ करून भाकऱ्या थापत राहायचे, म्हणजे त्यांना नीट बघता यावं. घराला चुना लावायचा झाला की ते आदल्या दिवशी सांगून जात, “तेवढा खिळा सोडा.”

अशी कितीतरी वर्षं गेली. सासूबाई गेल्या. सोपानराव रिटायर झाले. मग चौऱ्याण्णवची संक्रांत आली. विद्यापीठाच्या नावाची बातमी त्या दिवशी गल्लीत पसरली. कुणी पेढे वाटत होतं, कुणी दार लावून बसलं होतं. काय झालं, किती झालं, जेवढं मागितलं तेवढं मिळालं की नाही, यावर नळावर वाद चालले होते. मला त्यातलं निम्मंच कळत होतं.

दुपारी सोपानराव आले. कडक इस्त्रीचा सदरा, हातात तिळगूळ आणि खांद्यावर नवा कोरा टॉवेल. तिळगूळ दिला. ह्यांना पाया पडू दिलं नाही, स्वतःही पडले नाहीत, नुसता हात धरला. मग फोटोसमोर जाऊन उभे राहिले.

“बाई,” म्हणाले, “नेऊ का?”

मला आधी कळलंच नाही काय नेऊ ते. कळलं तेव्हा मी मानेनंच हो म्हटलं. ह्यांनी फोटो उतरवून दिला. त्यांनी तो टॉवेलात गुंडाळला आणि कडेवर लेकरू घ्यावं तसा धरून घरी नेला. थोड्या वेळानं सामायिक भिंतीतून ठोकल्याचा आवाज आला. आमच्या बाजूचा चुना जरासा खाली पडला.

संध्याकाळी ते पुन्हा आले, एक तसबीर घेऊन. आमच्या मोकळ्या खिळ्यावर त्यांनी स्वतः ती लावली, चार पावलं मागं येऊन तिरकी तर नाही ना ते बघितलं.

ती अजून तिथंच आहे. काच, चौकट, आणि आत निळ्या शाईत : ‘माय आणि तुमचे सासरे. शेजारी, सोपानचं घर, मधली भिंत. आत यावं.’ नवीन पाहुणे ते वाचतात, पुन्हा वाचतात, आणि हातातला चहा निवेपर्यंत माझ्याकडे बघत राहतात. फोटो कुठाय, विचारतात. मी सांगते, इथं नाही, पण आहे.